यी पेंगची चार तिकिटे

नोव्हेंबर 2024 मध्ये मी, माझे पती, नववीत शिकणारा मुलगा आणि सासूबाई असे आम्ही चौघे यी पेंगचा उत्सव पाहण्यासाठी थायलंडच्या उत्तरेकडील चिआंग माई या शहरात गेलो होतो. आकाशात एकाच वेळी हजारो कंदील सोडण्याच्या ज्या कार्यक्रमासाठी आम्ही 54,000 रुपये मोजले होते, त्याच्या मैदानापर्यंतही आम्ही पोहोचू शकलो नाही. मी एका सहकारी पतसंस्थेत गेली 22 वर्षे व्हाउचर तपासण्याचे काम करते. हे आधीच सांगते, कारण ‘अडाणी माणसेच फसतात’ असे म्हणणाऱ्यांत पूर्वी मीही होते.

थायलंडमध्ये बाराव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला लोय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडण्याचा सण साजरा होतो आणि उत्तरेकडील लान्ना परंपरेत त्याच पौर्णिमेला यी पेंग असतो. ‘यी’ म्हणजे दुसरा आणि ‘पेंग’ म्हणजे पौर्णिमा, कारण लान्ना पंचांगाप्रमाणे तो महिना दुसरा ठरतो. त्या वर्षी ही पौर्णिमा 15 नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेलाच आली होती. देवळांतली रोषणाई, मिरवणूक, नदीकाठची गर्दी हे सगळे कोणालाही मोफत पाहता येते. मात्र चित्रफितींत दिसणारा, एका क्षणी सगळे आकाश भरून टाकणारा कार्यक्रम खासगी आयोजक शहराबाहेरच्या मैदानांवर करतात आणि त्याला तिकीट लागते. विमानतळ जुन्या शहराच्या अगदी जवळ असल्यामुळे शहरात कंदील सोडण्यावर निर्बंध असतात आणि त्या रात्रीची कित्येक उड्डाणे रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात. हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता. आम्हाला वाटले, कंदिलांचे तिकीट हेच उत्सवाचे तिकीट, आणि ते नसेल तर जाण्यात अर्थ नाही. आमच्या या समजुतीवरच पुढचा सगळा व्यवहार उभा राहिला.

आयोजकांच्या संकेतस्थळावर सप्टेंबरमध्ये आमच्या तारखेची तिकिटे संपलेली दिसत होती. तेवढ्यात सोसायटीतल्या एका कुटुंबाने एका टूर एजंटचा क्रमांक दिला. त्या कुटुंबाने त्याच्याकडून स्वतः काहीच घेतले नव्हते, फक्त त्याची जाहिरात पाहिली होती, हे आम्हाला परत आल्यावर कळले. त्याने माणशी 13,500 रुपये सांगितले. मूळ तिकीट पाच हजार बाटच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण बारा हजार रुपयांचे होते. स्वस्त मिळाले असते तर मला संशय आला असता. थोडे महाग मिळत होते, म्हणून विश्वास बसला. त्याने व्हिसाच्या कामासाठीही माणशी 2,500 रुपये मागितले होते. भारतीयांना तेव्हा पर्यटनासाठी 60 दिवसांपर्यंत व्हिसाची गरजच नव्हती, आणि पतींनी तसे सांगताच तो हसून म्हणाला, “बरोबर आहे साहेब, मी फक्त विचारून पाहिलं.” पाणी कुठे मुरते आहे ते खरे तर तिथेच कळायला हवे होते. त्याऐवजी माणूस मोकळा आहे, असे आम्हाला वाटले.

पैसे त्याने यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात मागवले. “फर्मच्या खात्यात घेतले तर जीएसटी लावावा लागेल, ताई,” असे त्याने सांगितले आणि मी ते मान्य केले. ज्या बाईने पतसंस्थेत विनापावतीचे व्हाउचर कधी पुढे सरकू दिले नाही, तिने घरचे 54,000 रुपये पावतीशिवाय पाठवले. दोन दिवसांत पीडीएफ आली. तिच्यावर आयोजकांचे चिन्ह, आरक्षण क्रमांक, क्यूआर कोड आणि आमची चार नावे होती. ती नावे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक होती आणि सासूबाईंचे आडनाव ओळीच्या थोडे खाली सरकले होते. पण हे मला दिसले ते परत आल्यावर, मजकूर दुप्पट मोठा करून पाहिला तेव्हा.

ती पीडीएफ दाखवून प्रवेशाच्या मनगटपट्ट्या घेण्यासाठी 14 तारखेला आम्ही शहरातल्या एका मॉलमधील आयोजकांच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने कोड वाचला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा वाचला आणि पडदाच आमच्याकडे फिरवला. या आरक्षणाच्या चारही पट्ट्या आदल्या दिवशी सकाळी 11:20 ला देऊन झाल्या होत्या आणि नोंद भलत्याच नावावर होती. आम्ही हुज्जत घालत असताना मागे उभ्या असलेल्या सुरतच्या एका कुटुंबाने आपला फोन पुढे केला. त्यांचाही आरक्षण क्रमांक तोच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. एजंटचे नाव निराळे, नावांचा तो किंचित ठळक टाइप मात्र अगदी तसाच. चार जागांचे खरे आरक्षण एकदाच झाले होते. त्याच पीडीएफवरची नावे बदलून ती किती घरांना विकली गेली, हे त्या विकणाऱ्यालाच ठाऊक. जो आधी पोहोचला त्याला पट्ट्या मिळाल्या.

त्या मुलीने शांतपणे सांगितले की, आरक्षण क्रमांक आधी ईमेलने पाठवला असता तर तो कोणाच्या नावावर आहे, हे त्यांनी लगेच कळवले असते. ते खरे होते. घरी आल्यावर पडताळा म्हणून मी लिहिले, तर दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. सप्टेंबर ते नोव्हेंबर या दोन महिन्यांत माझ्याकडून ते एक पत्र लिहिले गेले नव्हते.

पर्यटक पोलिसांना 1155 वर फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पण विकणारा भारतात आणि पैसेही भारतातल्याच खात्यात गेलेले, त्यामुळे तक्रार तुमच्या देशातच करा, असे सांगितले. पुण्यातून दिरांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्यावर लगेच फोन केला तर रक्कम खात्यात अडवता येते. आमची रक्कम जाऊन तेव्हा दोन महिने उलटले होते.

त्याच संध्याकाळी था फे वेशीपाशी एका माणसाने “तोच कार्यक्रम, माणशी 1,500 बाट, व्हॅन तयार आहे” असे सांगून आम्हाला गाठले. कोणते मैदान, आयोजक कोण, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्याला फक्त पैसे आधी हवे होते. मुलाचा पडलेला चेहरा पाहून पतींनी पाकीट काढलेसुद्धा होते. सासूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि “एकदा फसलास तेवढं पुरे,” एवढेच म्हणाल्या.

पौर्णिमेच्या रात्री पिंग नदीवर नवरात पुलाजवळ आम्ही 60 बाटला एक क्राथोंग घेतला. केळीच्या खुंटाची चकती, तिच्याभोवती टोके काढून दुमडलेली केळीची पाने, वर झेंडू, उदबत्त्या आणि मेणबत्ती. तिथले लोक जलदेवतेला ‘मे खोंखा’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या गंगेवरूनच आला आहे, हे हॉटेलच्या बाईंनी सांगितल्यापासून सासूबाईंना दुसरे काहीही पाहायचे नव्हते. दर त्रिपुरारी पौर्णिमेला मुठा नदीत दिवा सोडतात तसाच त्यांनी तो पाण्यात सोडला. या सगळ्याला तिकीट नव्हते.

20 नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाआधी आम्ही परतलो. ज्या खात्यात पैसे गेले होते, त्यात शिल्लक असलेले 6,200 रुपये बँकेने गोठवले आहेत. बाकीची रक्कम आम्ही पाठवली त्याच दिवशी तीन खात्यांतून पुढे गेली होती. ते 6,200 रुपये मिळवण्यासाठीही तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता आणि त्यासाठी केलेला अर्ज अजून प्रलंबित आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भाचीने मला एक जाहिरात पाठवली. कंदिलांचे तेच छायाचित्र, एजंटचे नाव नवे, खाली ‘शेवटच्या काही जागा’ आणि दर माणशी 14,500 रुपये.