नकली मिलेनियम फाल्कन: आधी सांगाडा तपासा

मिलेनियम फाल्कन हे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतलं अंतराळयान. त्याचा लेगोचा 75192 क्रमांकाचा, 2017चा मूळ संच 7541 तुकड्यांचा. त्याची बिननावाच्या खोक्यातली नक्कल लांबून हुबेहूब दिसते. जवळून पाहिलं की विटांच्या गोल उंचवट्यांवर ‘लेगो’ ही अक्षरं नसतात, राखाडी रंगाच्या छटा जुळत नाहीत, पारदर्शक तुकडे दुधाळ. एवढं चालून जातं. खरी गोम आतल्या टेक्निक सांगाड्यात आहे, म्हणजे भोकं असलेल्या दांड्या (बीम) आणि त्या जोडणाऱ्या पिना यांच्या सांगाड्यात. पिना सैल असल्या की वरच्या वजनाने पाय फाकतात आणि सुमारे 84 सेंटिमीटर लांबीचं धूड मधोमध बसतं. म्हणून प्रत्येक पिन बीममध्ये घालून हलवा. डुगडुगली की बाद. पिशव्यांवर क्रमांक नसतील तर तुकडे आधी आकाराने, मग रंगाने निवडा, अगदी तांदूळ निवडावेत तसे. शोकेससाठी ठीक, रोज उचलून खेळायला मुळीच नाही.