टायर सेक्शनमधल्या माणसाचे ट्रेल शूज, ३४० किलोमीटरनंतर

आधी आकडे सांगतो, मग बाकीचं. बूट नवे होते तेव्हा तळव्यावरच्या दातांची उंची ४.५ मिलिमीटर. ३४० किलोमीटर झाल्यावर चवड्याखाली ३.३ आणि उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला २.१. हे डोळ्यांनी केलेलं माप नाही. एसटीच्या डेपोत टायर सेक्शनला मला बावीस वर्षं झाली. टायरची घळ किती खोल राहिली ते बघायला आमच्याकडे गेज असतो, त्याच्याच दांडीनं मोजलंय. आमचा हेल्पर म्हणाला, "आता बुटाचं पण लॉगबुक ठेवा." मी खरंच ठेवलंय. डायरीच्या मागच्या पानावर आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी एक तक्रार त्यांच्याकडे पडून आहे, ती पुढे येईलच. शिवाय मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. डोंगरात धावायचे बूट घेताना लोक रंग बघतात, वजन बघतात, यूट्यूबवर कुणी काय म्हटलं ते बघतात. रबर कुणी बघत नाही. आणि घसरतं ते रबरच.

माझं धावणं काही फार मोठं नाही. वय ४७. सहा वर्षांपूर्वी शुगर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून पहाटे अजिंक्यतारा चढायला लागलो. चालता चालता कधी पळायला लागलो ते कळलं नाही. साताऱ्यात राहायचं आणि हिल हाफ मॅरेथॉन करायची नाही, हे म्हणजे घरात कंदी पेढे असून नुसता वास घेण्यासारखं. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली, २०१५ मध्ये गिनेसच्या पुस्तकात गेली. तेव्हा मी बोगद्याजवळ कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होतो. आता तीनदा पूर्ण केलीय, सगळ्यात चांगला वेळ २ तास २१ मिनिटं. समर्थ मंदिर, बोगदा, मग यवतेश्वरचा घाट, आणि तोच घाट उतरून परत. त्यानंतर डिसेंबरात सिंहगडापलीकडच्या डोंगरात एक ट्रेल शर्यत केली, २५ किलोमीटरची. हे बूट घेतले ते तिच्यासाठी.

त्याआधी डोंगरात माझ्याकडे ॲक्शनचे ट्रेकिंग बूट होते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ते वेगळे सांगायला नकोत. ओल्या कातळावर ते जसे चिकटतात तसे महागातले बूटही चिकटत नाहीत, असं शपथेवर सांगणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांच्यात मीही आहे. पण ते चालायचे बूट. पळायला लागलं की पायात वीट बांधल्यासारखं होतं.

तर पुण्याला गेलो. पुतण्या सोबत होता, कारण दुकानातल्या पोरांशी त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं. ड्रॉप किती (टाच चवड्यापेक्षा किती उंच), स्टॅक किती (पायाखाली तळव्याची जाडी), रॉक प्लेट आहे का (दगड टोचू नये म्हणून तळव्यात घातलेली पट्टी). मी एक बूट उलटा केला आणि दातात अंगठ्याचं नख रुतवलं. पोरगं घाबरलं. "काका, डिस्प्ले पीस आहे." मी म्हटलं, बाळा, टायर असाच बघतात. नख रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली, तर रबर मऊ आणि जिवंत. रुतलंच नाही, तर ते डांबरावर दोन वर्षं टिकेल आणि ओल्या दगडावर पहिल्या दिवशी पाडेल. चार जोड असे तपासले. एकाच्या तळव्यावर तो पिवळा अष्टकोन होता, विब्रमचा, म्हणजे बुटांचे रबरी तळवे बनवणाऱ्या इटलीच्या कंपनीचा. तेव्हा पुतण्यानं मोबाइलवर वाचून एक गोष्ट सांगितली. विब्रम हे नाव ज्याच्यावरून आलं तो विटाले ब्रामानी, इटलीचा गिर्यारोहक. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार गेले, आणि पायातले बूट त्या हवामानाला धड नव्हते हे त्याच्या मनाला लागलं. मग त्यानं रबराचा दातेरी तळवा काढला, १९३७ मध्ये. पैसे कुणी दिले? पिरेलीनं. टायरवाल्यांनी! नकशीचं नाव ठेवलं कारारमातो, म्हणजे रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. मला इतका आनंद झाला की तोच जोड घेणार होतो. किंमत बघितली, १५ हजारांच्या वर. खाली ठेवला.

घेतला तो दुसरा. छापील किंमत ११,९९९, सूट जाऊन ८,४०० रुपये. दात ४.५ मिलिमीटर, लांब लांब पेरलेले, रबर मऊ. घरी आल्यावर सौ.ना किंमत ४,००० सांगितली. हे तिनं वाचलं तर तिला आता कळेलच.

आता जमिनीवर. घसारा आणि मुरूम, इथं हे बूट राजा आहेत. डिसेंबरच्या शर्यतीत एका सोंडेवरून उतरताना पायाखाली नुसते सुटे खडे आणि वाळकं गवत होतं. आजूबाजूचे बसून, हात टेकत उतरत होते, रस्त्यावरचे बूट घालून आलेले तर बुडावरच. माझा पाय मात्र दोन बोटं सरकला की रुतत होता. दात खोल असले की सुट्या मातीत ते खिळ्यासारखं काम करतात. चिखलातही तसंच. दात लांब लांब असले की चिखल अडकून राहत नाही, पाय उचलला की पडतो. दाट नकशीच्या बुटाचा चिखलात दहा पावलांत लाडू होतो. ट्रॅक्टरचा टायर आणि कारचा टायर शेजारी ठेवा, लगेच कळेल.

ओला कातळ हे वेगळंच प्रकरण आहे. लोकांचा समज असा की दात जितके मोठे तितकी पकड जास्त. कातळावर हे उलटं होतं. दगडात दात रुतत नाही, तिथं रबराचा किती भाग टेकतो तेच महत्त्वाचं, आणि लांब लांब दात म्हणजे टेकणारा भाग कमी. जुलैत मुद्दाम सिंहगडावर गेलो. आतकरवाडीच्या वाटेवर रविवारच्या गर्दीनं घासून गुळगुळीत झालेले दगड आहेत, त्यावरून पाणी वाहत होतं. चढताना काही नाही. उतरताना टाच आधी टेकली की सर्र. चवडा टेकवून, गुडघा वाकवून, छोटी पावलं टाकली की थांबतो. रबर मऊ आहे म्हणून एवढं तरी. दोनदा पडलो, दोन्ही वेळा हिरवट शेवाळावर, आणि त्याचा दोष बुटाला देणार नाही. शेवाळ म्हणजे दगड आणि रबर यांच्यामध्ये साबण. तिथं आठ हजारांचा बूट आणि ऐंशी रुपयांची स्लीपर सारखीच. उलट त्या वाटेवर एक ताक विकणाऱ्या मावशी अनवाणी, डोक्यावर हंडा घेऊन माझ्या शेजारून उतरून गेल्या. मला म्हणाल्या, "दादा, बूट काढा."

डांबरावर मात्र माझीच चूक झाली. ऑगस्टमध्ये हिल हाफच्या सरावाला मी हेच बूट घालून यवतेश्वर घाट करायला लागलो. म्हटलं, डोंगराचे बूट, डोंगराची शर्यत. पण आपली ही शर्यत डोंगरातली असली तरी अख्खी डांबरावर आहे. पाच आठवड्यांत साधारण ११० किलोमीटर डांबर झालं आणि गेज लावला तर टाचेचा दात जवळजवळ दीड मिलिमीटर गेलेला. आधीच्या दीडशे किलोमीटरच्या मातीत एवढी झीज अर्धीसुद्धा नव्हती. झिजायची तऱ्हाही ओळखीची होती. प्रत्येक दाताची एक कड उंच, दुसरी खाली, करवतीसारखी. आमच्यात त्याला हील अँड टो म्हणतात. उंच, सुटा दात कडक रस्त्यावर टेकताना वाकतो आणि सुटताना फरफटतो, म्हणून एकाच बाजूनं झिजतो. मागच्या चाकाला असं दिसलं की आम्ही टायर फिरवून घालतो. बुटाचं तसं कसं करणार? डावा पाय उजवीकडे जात नाही.

टायरमध्ये घळीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नकशी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर काढायचा, वाद नाही. बुटाला अशी खूण का नसते? कंपन्या म्हणतात, पाचशे ते आठशे किलोमीटर जातात. कुठल्या रस्त्यावर, किती वजनाच्या माणसाला? मी ७८ किलोचा. मी आता ब्लेडनं दाताच्या बाजूला दोन मिलिमीटरवर बारीक रेघ मारून ठेवलीय. तिथं आलं की डोंगरातून निवृत्ती, मग भाजीला जायला.

पाण्याचं थोडक्यात. कोरडा बूट ३०५ ग्रॅम, ओढ्यात बुडवून लगेच ३९८, दहा मिनिटं पळाल्यावर ३५०. वजन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात केलं, दुकानदार ओळखीचा म्हणून. जाळी पातळ आहे, पाणी थांबत नाही. वॉटरप्रूफ जोडही मिळत होता, पण आपल्या पावसात पाणी वरून घोट्यातनं आत येतं आणि मग बाहेर जायला वाट नसते. त्याच्या नादी लागू नका. पातळ जाळीतून बाभळीचा काटा मात्र सरळ आत येतो. आला.

चवड्याला हे बूट अरुंद आहेत. आपले पाय लहानपणी अनवाणी पसरलेले, आणि हे साचे कुठल्या तरी सडपातळ पायावर बनवलेले. नेहमीचा नऊ नंबर घेतला असता तर उतारावर दोन्ही अंगठ्यांची नखं गेली असती. साडेनऊ घेतला तरी उजवं काळं पडलंच. पुतण्यानं सगळ्यात वरच्या जास्तीच्या भोकातून नाडी ओवून फास करायला शिकवलं. त्यानं टाच मागे धरून राहते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. हे मला आधी कळलं असतं तर नख वाचलं असतं.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात डाव्या बुटाच्या पुढची रबरी पट्टी, बोटांना दगड लागू नये म्हणून असते ती, सुटायला लागली. १९० किलोमीटर झाले होते. फोटो काढले, बिल जोडलं, कंपनीला मेल केला. उत्तर आलं की ही "नैसर्गिक झीज" आहे. झीज म्हणजे घासून कमी होणं. ही पट्टी घासलेली नाही, डिंक सुटून जशीच्या तशी लोंबतेय. झीज आणि पट्टा सुटणं यातला फरक मला कुणी शिकवायची गरज नाही, रोज आठ तास तेच बघतो. पुन्हा मेल केला. त्याला आता चार महिने झाले, पोच नाही.

मग स्टँडबाहेरच्या चांभारमामांकडे गेलो. त्यांनी पट्टी पूर्ण सोलली, आतली बाजू कानशीनं खरवडली, सोल्यूशन दोनदा लावलं, सुकू दिलं, ठोकलं आणि वरून नायलॉनच्या दोऱ्यानं शिलाई मारली. ८० रुपये. त्यानंतरचे दीडशे किलोमीटर ती पट्टी हललेली नाही. शिलाईच्या भोकातून पाणी शिरतं, पण तसंही ते सगळीकडून शिरतंच.

मामांना मी एक विचारून बघितलं. म्हटलं, आम्ही टायर रिमोल्ड करतो, जुन्या सांगाड्यावर नवी नकशी चढवतो. या बुटाचं करता येईल का? त्यांनी बूट हातात घेतला, टाच अंगठ्यानं दाबली, मला दाबायला लावली. मग नवा जोड लटकत होता त्याची टाच दाबायला लावली. फरक कळला. मधला फोम बसत चाललाय. "भाऊ," मामा म्हणाले, "खाली नवं रबर लावीन मी, पण आतली गादी मेल्यावर वर कोण झोपणार?" रिमोल्डचा टायरही सांगाडा धड असेल तरच करतात, आणि तरीसुद्धा पुढच्या चाकाला घालत नाहीत. गप्प बसलो.

घ्यायचे का? तुमचं पळणं मातीतलं असेल, सरावाला निदान निम्मं तरी, तर या जातीचे बूट जरूर घ्या, पण अर्धा नंबर मोठे आणि दुकानात नख रुतवून. नुसती यवतेश्वरची हाफ करायची असेल तर रस्त्याचे साधे बूट घाला, पैसे वाचतील. ८,४०० रुपये भागिले ३४० किलोमीटर, म्हणजे आत्तापर्यंत किलोमीटरला जवळपास २५ रुपये पडले. एवढ्या भाड्यात आमची लालपरी तुम्हाला बसवून, खिडकीशी जागा देऊन बरंच लांब नेते.

सध्या बूट बाल्कनीत आहेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. उन्हात ठेवायचे नाहीत, डिंक सुटतो. आज पहाटे किल्ल्यावर सहा किलोमीटर झाले, सगळे पायवाटेनं. गेज अजून लावला नाही, दात कोरडे झाले की लावतो.