डीमॅट खात्यातली ई-मतदान सेवा: तीन वर्षं वापरल्यावर

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगतो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी 31 वर्षं क्वालिटीत काढली. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे सात-आठ कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातले, कुठे चाळीस, कुठे सत्तर. वार्षिक सभेतल्या ठरावांवर ऑनलाइन मत द्या, असे कंपन्यांचे मेल यायचे ते न उघडताच पुसून टाकायचो. आपल्या चाळीस शेअर्सना कोण विचारतंय! पवननगरमध्ये आमच्या शेजारची मुलगी कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करते. ती म्हणाली, "काका, हे मत तुमचं आहे, असं सोडून देऊ नका." तिनेच एका रविवारी बसून सगळं दाखवलं. तेव्हापासून एकही मतदान चुकवलेलं नाही.

वापरायला सोपं आहे. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ही सोय द्यावीच लागते आणि भागधारकाला त्याचा एक रुपयाही पडत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या डिसेंबर 2020 च्या परिपत्रकानंतर डीमॅटच्या, म्हणजे शेअर्स ठेवायच्या खात्याच्या, एकाच लॉगिनवर काम होतं. सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला मतदान बंद. दिलेलं मत पुन्हा बदलता येत नाही, म्हणून आधी नोटीस वाचायची.

आणि वाचण्यासारखं सगळं त्या नोटिशीतच असतं. गेल्या वर्षी एका कंपनीत स्वतंत्र संचालकाला, म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांशी हितसंबंध नसलेल्या संचालकाला, आणखी पाच वर्षं नेमायचा ठराव होता. अहवालातला हजेरीचा तक्ता काढला: सहा बैठका, हे गृहस्थ दोनला हजर. शिवाय हिशोबांवर नजर ठेवणाऱ्या ऑडिट समितीवर! मोजमापाचं गेज न लावता रिपोर्टवर सही करणारा माणूस आम्ही शॉपमध्ये एक दिवस ठेवला नसता, कारण तो पार्ट पुढे कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार असतो. मी विरोधात मत दिलं. नुसती मोठी नावं असून भागत नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या संचालक मंडळावर नावाजलेले प्राध्यापक होते. त्याच मंडळाने डिसेंबर 2008 मध्ये प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्या, कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. भागधारक खवळले, तेव्हा काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 ला, खोट्या हिशोबांची कबुली आली.

दुसरा ठराव प्रवर्तकांच्याच घरातल्या फर्मकडून गोदाम भाड्याने घेण्याचा होता. अशा व्यवहाराला मंजुरी देण्यासाठी संबंधित पक्षाला स्वतःचं मत वापरता येत नाही. म्हणजे निम्मी कंपनी ज्याच्या हातात आहे तो बाजूला बसतो आणि माझ्या चाळीस शेअर्सना वजन येतं. विशेष ठरावाला तर तीन चतुर्थांश मतं लागतात. 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा आणि पगाराचा ठराव असाच पाडला. सुमारे 27 टक्के मतं विरोधात गेली होती. मंडळाने मग पगाराला मर्यादा घालून त्यांना पुन्हा नेमलं. हे वाचल्यावर मी चश्मा पुसून नोटिशीचं एकेक पान वाचायला लागलो.

आता कापलेला तारा. माझं खातं ज्या डिपॉझिटरीत (शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) आहे तिथे ठरावासमोर दोन-तीनशे पानांची पीडीएफ चिकटवलेली असते. त्या ठरावाचं स्पष्टीकरण कुठल्या पानावर आहे ते आपणच शोधायचं, तेही इंग्रजीतून. वाचता वाचता वेळ संपला म्हणून मी दोनदा बाहेर फेकला गेलो, पुन्हा ओटीपी. निवृत्त माणसांचे पैसे यात असतात. निदान ठरावांचा गोषवारा तरी मराठीत द्या.

निकाल मात्र चोख मिळतो. दोन कामकाजाच्या दिवसांत तो शेअर बाजाराच्या वेबसाइटवर येतो आणि प्रवर्तक, म्युच्युअल फंडांसारख्या संस्था, बाकीचे लोक असे रकाने वेगळे असतात. गोदामाच्या ठरावात आमच्या रकान्यात विरोध जास्त होता, पण संस्थांच्या जोरावर तो मंजूर झाला. म्युच्युअल फंडांना आपलं मत कारणासह जाहीर करावं लागतं, म्हणून माझी एसआयपी ज्या फंडात आहे त्याची यादी काढली. त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं आणि कारणाच्या जागी एकच ओळ: नेहमीच्या कामकाजातला व्यवहार. बाजारभावाशी तुलना केली होती का, असं मी त्यांना मेल करून विचारलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.