जंप क्यू चालू ठेवावी की एकाच क्यूवर खेळावं? पार्लरच्या नाइन-बॉल स्पर्धेपुरता विचार

नाइन-बॉलची, म्हणजे एक ते नऊपैकी टेबलावरच्या सर्वात लहान नंबरला आधी लावायच्या पूलची, स्पर्धा ठरवायला चार जण बसले की रेस कितीची (किती डाव आधी जिंकायचे), रॅक कोणी लावायचा (बॉल कोणी मांडायचे), ब्रेक म्हणजे पहिला फटका आलटून-पालटून की जिंकणाऱ्याचा, एवढं चहा येईपर्यंत ठरून जातं. जंप क्यूचा, म्हणजे व्हाइट (पांढरा बॉल) दुसऱ्या बॉलवरून उडवायच्या खास काठीचा, विषय निघाला की मात्र आवाज चढतात. दादरच्या ज्या पार्लरमध्ये आम्ही खेळतो तिथल्या रविवारच्या स्पर्धेचे नियम ठरवणाऱ्यांत मी होतो. दोन्ही पद्धतींनी स्पर्धा खेळून पाहिल्या आहेत. जंप क्यू माझ्याकडे आहे आणि ती मला वापरताही येते. तेव्हा तुम्ही तुमच्या भागात असंच काही ठरवायला बसला असाल, तर माझं मत घ्या किंवा सोडा, अनुभव तेवढा ऐका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. 'जंप क्यू बंद' म्हणजे 'जंप बंद' नव्हे. बॉलवरून व्हाइट उडवली की स्नूकरमध्ये फाउल, पण पूलमध्ये तसं नाही. इथे वरून खाली मारून उडवलेली जंप वैधच आहे, फक्त खालून टिप (क्यूचं टोक) घालून उचलायची नाही. आपल्यापुढचा प्रश्न एवढाच की त्या एका फटक्यासाठी वेगळी, आखूड, हलकी क्यू केसमधून काढायची परवानगी द्यावी का. जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या नियमांत ती आहे, क्यू 40 इंचांपेक्षा आखूड नसली की झालं. उलट अमेरिकेतल्या डर्बी सिटी क्लासिकसारख्या मोठ्या स्पर्धेत जंप क्यूला मज्जाव असतो, उडवायचं तर पूर्ण लांबीच्या क्यूने उडवा. म्हणजे दोन्ही बाजूंना वजनदार माणसं आहेत, आणि तुम्ही काहीही ठरवलं तरी कोणी तुम्हाला अडाणी म्हणू शकत नाही.

जंप क्यूची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

नाइन-बॉलमध्ये नशिबाचा हात मोठा. समोरच्याने चार नंबर चुकवला, त्याच्या मनात सेफ्टी (मुद्दाम अडकवणारा फटका) नव्हतीच, पण व्हाइट फिरत फिरत सातच्या मागे जाऊन थांबली. त्याने काही कमावलं नाही आणि अडकलात तुम्ही. अशा वेळी हातात जंप क्यू असेल तर निदान सरळ मारायची संधी मिळते. हा मुद्दा मी आजही खोडू शकत नाही. दुसरं म्हणजे, चांगली जंप हे कौशल्यच आहे. आमच्याकडची काही कॉलेजची मुलं नुसती उडवत नाहीत, पलीकडचा बॉल पॉट करून पुढच्यासाठी व्हाइट जागेवर आणतात. ते पाहताना मी मनापासून टाळ्या वाजवल्या आहेत.

तिसरा मुद्दा टेबलांचा. मुंबईतल्या पार्लरची टेबलं टीव्हीवरच्यासारखी नसतात. पावसाळ्यात कापड ओलसर होतं, सकाळी एसी बंद असताना टेबल वेगळं चालतं आणि संध्याकाळी वेगळं. एखादी कुशन (कडेची रबरी पट्टी) मेलेली असते. कडेवरच्या डायमंड खुणा मोजून काढलेली किक, म्हणजे आधी कुशनला लावून मारलेला फटका, तिथे बोटभर इकडे-तिकडे जाते. 'कुशनवर भरवसा नाही, मग सरळ उडवू द्या' असं म्हणणाऱ्याला खोटं पाडता येत नाही.

आता क्यूचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण माझी नाराजी समजायला ते लागेल. जंपमध्ये व्हाइट उचलली जात नाही, ती खाली दाबली जाते आणि स्लेटवर आपटून वर येते. खेळायची क्यू साधारण 19 औंसांची. ती तिरकी करून मारली की व्हाइट वर येते तेव्हा क्यू अजून वाटेतच असते, मग बॉल तिच्याखाली अडकतो किंवा दोनदा लागतो. जंप क्यू वजनाने तिच्या निम्म्याच्या आसपास, टिप कडक, त्यामुळे फटका बसताक्षणी ती स्वतःच मागे उसळते आणि बॉलला वाट मोकळी होते. फरक पडतो तो मुख्यतः या हलकेपणाने आणि कडक टिपने. साध्या क्यूने बॉलची कड ओलांडता येते, अंतर बरं असेल तर अर्धा बॉलही. पूर्ण बॉल ओलांडणं फार थोड्यांना जमतं. जंप क्यू हातात दिली की थोड्या सरावात बऱ्याच जणांना जमतं.

आणि इथेच मला खुपणारी गोष्ट सुरू होते. माझा निर्णय तिनेच केला.

सेफ्टीत अवघड काय असतं? समजा तीन नंबर वरच्या कुशनजवळ आहे, व्हाइट खालच्या टोकाला, आणि आठ मध्यावर. तुम्ही तीनला अगदी पातळ कापता, तो एका बाजूला जातो, व्हाइट दोन कुशन घेऊन खाली येते आणि आठच्या मागे, वीतभर अंतरावर थांबते. वेग, कोन, साइड (बाजूची फिरकी), तिन्ही बरोबर बसले तरच हे होतं. असा फटका साधायला माणसाची वर्षं जातात. आता दुसरी सेफ्टी पाहा. व्हाइट आणि आठ जवळजवळच आहेत, तुम्ही तीनला हलकेच लावून व्हाइट आठला चिकटवून ठेवता. हे पार्लरमध्ये पहिल्या महिन्यात आलेलं पोरही करतं.

जंप क्यू चालू असली की या दोन फटक्यांची किंमत उलटी होते. चिकटलेल्या बॉलवरून कोणीच उडवू शकत नाही. दोन बोटं अंतर असेल तर हातात डार्टसारखी क्यू धरून तयार खेळाडू प्रयत्न करतो, तरी बेभरवशाचं. पण वीतभर अंतर? तेच तर जंपसाठी सोयीचं. म्हणजे पूर्ण टेबलभर व्हाइट फिरवून आणलेली सेफ्टी समोरचा केसची चेन उघडून दोन क्षणांत निकालात काढतो आणि चिकटवलेली सेफ्टी अभेद्य राहते. नियमाने अवघड कामाला शिक्षा केली आणि सोप्याला बक्षीस दिलं. हे मी स्वतःच्या फटक्यांवर पाहिलं, दुसऱ्यांच्या फटक्यांवर पाहिलं, आणि दर वेळी तितकंच टोचलं. माझ्याकडे आकडेवारी नाही. पण जंप क्यू चालू असलेल्या रविवारी लांबच्या सेफ्टी खेळणं लोकांनी हळूहळू सोडलं, एवढं मी आणि टेबलं सांभाळणाऱ्या आमच्या मार्करने, दोघांनीही टिपलं. 'सर, हल्ली सगळे ठोकतातच,' हे त्याचे शब्द.

नशिबाने अडकलेल्याला जंप क्यू वाचवते, हे खरं. पण कोण नशिबाने अडकला आणि कोणाला कोणी कष्टाने अडकवलं, हे तिला कळत नाही. ती दोघांनाही सारखंच सोडवते. माझ्या हिशोबात या सौद्यात जातं ते जास्त मोलाचं आहे.

जातं ते फक्त सेफ्टी खेळणाऱ्याचं नाही, सुटणाऱ्याचंही जातं. 1995 च्या सँड्स रिजन्सी ओपनमध्ये अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध शेवटच्या निर्णायक डावात फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस पाच नंबरसाठी अडकले होते. त्यांनी दोन कुशन घेऊन झेड आकारात व्हाइट आणली आणि पाच पॉट केला. तीसेक वर्षं झाली, अजून पोरं मोबाइलवर तो फटका एकमेकांना दाखवतात. कुशनवरून सुटण्यात बुद्धी, नजर आणि हात तिन्ही लागतात. शिवाय आपल्या मुंबईला हे शिकवावं लागत नाही. इथला पूल बिलियर्ड्स-स्नूकरच्या घरात वाढला आहे. 1958 मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकणारे विल्सन जोन्स या शहरातले, बिलियर्ड्सचे मायकेल फरेरा इथले, स्नूकरचे यासिन मर्चंट इथले. जिमखान्यांतून आणि गल्लीतल्या पार्लरमधून जे स्नूकर शिकले, त्यांचा हात अडकल्यावर आपोआप कुशन शोधतो. हा हात बोथट होऊ द्यावा असं मला वाटत नाही.

मेलेल्या कुशनचा मुद्दा राहिला. त्यावर माझं उत्तर साधं आहे: टेबल दोघांसाठी सारखंच असतं, आणि सामन्याआधी पाच मिनिटं कुशन चाचपून पाहणारा जास्त किक लावतो. हे पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही, मान्य. कुशन फारच खराब असतील तर मालकाशी बोला.

मालकावरून आठवलं. जंपने कापडावर पांढरे डाग पडतात, टिप निसटली तर फाटतंही. बऱ्याच पार्लरमध्ये जंपला बंदीच असते ती यामुळे. स्पर्धेपुरती परवानगी मिळाली तरी सरावाला टेबल मिळत नाही, मग जंप क्यू असलेला तरी शिकणार कुठे? पैशांचंही तसंच. आमच्या स्पर्धेत अर्धी मुलं हाउस क्यूवर, म्हणजे पार्लरच्याच क्यूवर, खेळतात. चांगली जंप क्यू बाहेरून येते, वर ड्यूटी. सगळ्यांसाठी एक क्यू टेबलाशी ठेवावी असा तोडगा आम्ही काही काळ चालवला. भांडणं कमी झाली हे कबूल, पण वीतभर अंतराचा प्रश्न होता तिथेच राहिला. उलट आता सगळेच उडवायला लागले.

तरीही काहींना मी जंप क्यू घ्याच म्हणेन. ज्याला डब्ल्यूपीएच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धा खेळायच्या आहेत, त्याने ती आजच घ्यावी आणि रोज थोडा वेळ द्यावा. समोरचा उडवणार आणि तुम्ही नाही, असं तिथे चालत नाही. घ्यायचीच तर ब्रेक क्यूला मधून उघडून जंप होणारी जोडक्यू बरी, विरार लोकलमध्ये एकच केस सांभाळायची असते. आणि तुमच्या स्पर्धेत बहुतेक खेळाडू अशाच तयारीचे असतील तर जंप क्यू चालू ठेवणंच शहाणपणाचं, कारण त्यांना तोच सराव हवा असतो. पण रविवारी नोकरी-कॉलेज सांभाळून येणाऱ्यांची स्पर्धा असेल, तर मी एकाच क्यूच्या बाजूने हात वर करेन.

आम्ही फळ्यावर लिहिलेला नियम देतो, हवा तसा बदला. ब्रेकसाठी वेगळी क्यू चालेल. त्यानंतर प्रत्येक फटका खेळायच्या पूर्ण क्यूनेच, जंपही. क्यू मधून उघडून नुसत्या शाफ्टने (पुढच्या भागाने) मारायचं नाही. जंप मारण्यापूर्वी 'जंप' म्हणून सांगायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या कोणाला तरी बघायला बोलवायचं. बघणारा कोणी मिळालाच नाही, तर ज्या बॉलवरून उडवायचं तो जरासा जरी हलला तरी फाउल, समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे व्हाइट हवी तिथे ठेवून खेळायची मुभा. ही शेवटची ओळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण वाद नेमका त्याच बॉलवरून होतो.