जातीच्या गणितापलीकडचा उमेदवार दाखवणारे अ‍ॅप

भारत निवडणूक आयोगाचे ‘नो युवर कँडिडेट’ हे मोफत अ‍ॅप मी एकाच कसोटीवर पाहिले: समाज पाहून मत देणाऱ्या मतदाराला ते विचाराचा आणखी एखादा आधार देते का?

निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते, कोणावर गुन्हे नोंद आहेत हे तिथेच कळते आणि प्रत्येकाने उमेदवारी अर्जासोबत ठरलेल्या नमुन्यात (नमुना २६) दिलेले शपथपत्रही उघडता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मतदाराला मिळालेला हा हक्क आहे. प्रलंबित खटले, स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, थकबाकी, शिक्षण, उत्पन्नाचे स्रोत हे सारे त्या शपथपत्रात असते; जातीचा रकाना मात्र त्यात नाही.

समाजाच्या नावावर एकगठ्ठा मत देणाऱ्याला अडाणी म्हणणे मला मान्य नाही. ज्या समाजाचा माणूस पिढ्यानपिढ्या सभागृहात पोहोचलाच नाही, त्याने एकजुटीने मत देणे ही लोकशाहीत शिरण्याची वाट होती आणि अनेकांसाठी ती अजूनही आहे. परंतु प्रमुख पक्ष हेच गणित मांडून एकाच समाजाचे दोन किंवा तीन उमेदवार समोरासमोर उभे करतात, तेव्हा ‘आपला माणूस’ या निकषावर निवड करताच येत नाही. नेमके तिथे हे अ‍ॅप मोलाचे ठरते, कारण आपल्याच दोघांपैकी कोणावर कोणते गुन्हे आहेत आणि कोणाची संपत्ती किती आहे, हे मेळाव्यात कोणी सांगत नाही.

उणिवाही गंभीर आहेत. शपथपत्रे बहुधा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात असतात. काही हस्ताक्षरातली, काही पुसट. दोन उमेदवारांची तुलना करायची तर कागद-पेन घेऊनच बसावे लागते. विद्यमान आमदाराने सभागृहात काय केले, निधी कुठे खर्च केला, याचा मागमूस नाही, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी त्रुटी आहे. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे भावकीचा जोर जिथे सर्वाधिक असतो, तिथे हे अ‍ॅप उपयोगाचे नाही.

गुन्हे नोंद असलेल्याला उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले. ती कारणे उमेदवाराच्या नावाखालीच मराठीत वाचायला मिळाली, तर अ‍ॅपची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

तरीही ते जरूर वापरावे. अर्ज माघारीनंतर मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे उरतात. म्हणून उमेदवार पूर्वी लढलेला असल्यास त्याचे मागचे शपथपत्र आधीच मिळवावे आणि नवे आल्यावर दोन्हींतील मालमत्तेचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत.