नव्वद सेंटचा हिरा घ्यावा की पूर्ण एक कॅरटचा?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी एका खड्याचा हिरा निवडताना बहुतेकांचा निर्णय ०.९० आणि १.०० कॅरट या दोन वजनांपाशी अडतो. रंग, शुद्धता आणि पैलूंचा दर्जा सारखा असूनही या दोन खड्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. कॅरट हे वजनाचे माप आहे. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. बोटावर मात्र वजन दिसत नाही, वरून व्यास तेवढा दिसतो.

चांगल्या प्रमाणात घडवलेल्या एक कॅरटच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याचा व्यास साधारण ६.५ मिलिमीटर भरतो, तर नव्वद सेंटच्या हिऱ्याचा सुमारे ६.३. खडा रुंदीबरोबर खोलीतही वाढत असल्यामुळे वजन दुप्पट झाले तरी व्यास सव्वापटीच्या थोडाच पुढे जातो. म्हणूनच दोन कॅरटचा हिरा १३ नव्हे, तर ८.२ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि अर्ध्या कॅरटचाही चांगला ५.२ मिलिमीटर दिसतो. नव्वद सेंट आणि एक कॅरट यांतला ०.२ मिलिमीटरचा फरक दोन्ही खडे शेजारी ठेवून निरखल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही.

किमतीचे गणित वेगळ्या पायावर उभे आहे. हिऱ्याचा भाव प्रतिकॅरट सांगितला जातो आणि तो दर वजनाच्या टप्प्यांवर उडी घेतो. व्यापारी संदर्भासाठी वापरतात ती रॅपापोर्ट दरपत्रिका १९७८ पासून निघते, तिच्यात ०.९० ते ०.९९ हा एक गट आहे आणि १.०० पासून पुढचा गट सुरू होतो. केवळ हिशेबासाठी असे धरू की पहिल्या गटाचा दर कॅरटला ३ लाख रुपये आहे आणि दुसऱ्याचा ३ लाख ६० हजार. मग नव्वद सेंटच्या हिऱ्याला २ लाख ७० हजार पडतात आणि एक कॅरटला ३ लाख ६० हजार. म्हणजे वजन ११ टक्क्यांनी वाढले, व्यास साडेतीन टक्क्यांनी आणि किंमत ३३ टक्क्यांनी. या टप्प्याची रेषा किती बारीक असते ते प्रमाणपत्रावर कळते. हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी जीआयए ही संस्था वजन दोन दशांश स्थळांपर्यंत छापते आणि तिसऱ्या स्थळी ९ असेल तरच पुढचा आकडा धरते, त्यामुळे ०.९९८ कॅरटचा खडा ०.९९ राहतो आणि ०.९९९ चा १.०० ठरतो. एवढ्या ०.२ मिलिग्रॅमवर गट बदलतो.

याच कारणाने घडवणाराही वजन वाचवायला पाहतो. एक कॅरटचा आकडा हातचा जाऊ नये म्हणून खडा खोल ठेवला जातो किंवा त्याच्या कडेचा पट्टा, ज्याला बाजारात गर्डल म्हणतात, जाड सोडला जातो. असा १.०० कॅरटचा हिरा ६.२ मिलिमीटरच भरू शकतो, म्हणजे नीट घडवलेल्या नव्वद सेंटपेक्षाही लहान दिसू शकतो, शिवाय चमकही कमी देतो. मला हा सौदा सर्वांत वाईट वाटतो, कारण येथे ग्राहक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजतो. प्रमाणपत्रावर मिलिमीटरमधली मापे आणि खोलीची टक्केवारी, म्हणजे व्यासाच्या तुलनेत खोली किती, हे छापलेले असते; गोल हिऱ्यात ही खोली ६३ टक्क्यांच्या वर गेली असेल, तर वजनाचा आकडा बाजूला ठेवून व्यास पाहावा.

दिसणारा विस्तारच हवा असेल, तर अंडाकृती किंवा मार्कीज, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, घाटाचा खडा त्याच वजनात अधिक जागा व्यापतो, आणि चौकोनी प्रिन्सेस त्याच्या उलट, लहान भासतो. सात खड्यांच्या फुलात मिळून एक कॅरट भरला, तर प्रत्येक खडा सुमारे ३.४ मिलिमीटरचा असतो आणि फूल १० मिलिमीटरच्या घरात जाते. लहान खड्यांचा प्रतिकॅरट दर बराच कमी असल्याने किंमतही आटोक्यात राहते. मात्र एका खड्याचे तेज त्यात येत नाही, हे मान्य करावे लागेल.

पूर्ण कॅरटच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: पुढे विकताना किंवा बदलून घेताना तोच टप्पा आपल्या बाजूने उभा राहतो. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल, तर नेमक्या १.०० चा न घेता १.०३ किंवा १.०५ चा पाहावा. अंगठीचा हिरा कडेला टवकला, तर पुन्हा घासताना दोन-तीन सेंट सहज जातात, आणि १.०० चा खडा मग ०.९८ होऊन खालच्या दराच्या गटात जातो.