आठ महिने वॉकीटॉकी वापरल्यावर: सेट दणकट आहे, बॅटरी मात्र माझ्यामुळे गेली

गोडाऊनवर आम्ही चौघं मिळून आठ महिने हे सेट वापरतोय. 5 वॅटचा हँडसेट, 7.4 व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी आणि सोबत टेबलावर ठेवायचा चार्जर. आवाज खणखणीत येतो, दोनदा शिडीवरून पडला तरी काही झालं नाही, त्यामुळे सेटबद्दल माझी तक्रार नाही. खरं सांगायचं तर जे बिघडलं ते आमच्या हातानंच.

सुरुवातीचे तीन महिने काय चालायचं, तर शिफ्ट संपली की चालू सेटच चार्जरमध्ये खोचायचा आणि घरी जायचं. चार्जर कुठे, तर खिडकीजवळ, दुपारचं ऊन थेट अंगावर. त्यात सुट्टीचे दिवस आले की सेट दोन-दोन दिवस तिथेच. एक दिवस बॅटरी सेटला लावताना नेहमीचा टक् आवाजच येईना, दाबलं तरी खालच्या बाजूला नखाएवढी फट राहायची. मला वाटलं लॅचमध्ये कचरा अडकलाय, म्हणून मी येड्यासारखा अजून जोर लावत बसलो. मग ती टेबलावर पालथी ठेवली तर डुलायला लागली, म्हणजे पाठ फुगलेली! फुगलेली बॅटरी दाबायची नसते, टोचायची नसते आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नसते हे मला तेव्हा कळलं. ती ई-कचऱ्यात दिली.

नंतर मॅन्युअल नीट वाचलं (आधी कोण वाचतं!). सेट बंद करूनच चार्ज करायचा. कारण चार्जर बॅटरीत जाणारा करंट किती कमी झाला यावरून ती भरली की नाही ते ओळखतो, सेट चालू असला की तो सतत थोडा करंट ओढत राहतो आणि चार्जरचा अंदाज चुकतो. आणि चार्जिंग 0 ते 45 अंशातच. फुल भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, या जोडीनंच माझी बॅटरी लवकर म्हातारी केली असणार. आता चार्जर सावलीत, मोकळ्या हवेत आहे आणि हिरवा लाइट लागला की सेट बाहेर. बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवतो, फुलही नाही आणि रिकामीही नाही.

दुसरा किस्सा स्पेअर बॅटरीचा. खिशात किल्ल्यांसोबत टाकली होती, पाचेक मिनिटांत मांडीला चांगलाच चटका बसला. किल्ली बॅटरीच्या मागच्या धातूच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकली की शॉर्ट, दुसरं काय होणार. तेव्हापासून स्पेअर वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत.

मध्ये लाल लाइट नुसता लुकलुकायचा, चार्ज काही व्हायचं नाही. बघितलं तर बॅटरीच्या मागच्या सोनेरी पट्ट्या घामानं काळ्या पडलेल्या. चार्जरचा प्लग काढला, कोरड्या फडक्यानं पुसल्या, वरून खोडरबर हलकेच फिरवला, लगेच चालू झालं. फुकटचा उपाय.

वापराबद्दल म्हणाल तर बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आमच्याकडे "डावीकडून घे" मधलं "डावीकडून" गेलं आणि ट्रॉली भलतीकडे गेली, पुढे अर्धा तास नुसती भांडणं. माइक तोंडापासून तीन-चार सेंटीमीटर लांब धरा, ओरडायची गरज नाही, ओरडल्यावर आवाज फाटतो. सेट उभा आणि अँटेना चेहऱ्यापासून लांब. बोलणं थोडक्यात आटपा, बॅटरी सगळ्यात जास्त बोलतानाच खाल्ली जाते आणि सेटही तापतो. जवळच्या जवळ बोलायचं असेल तर लो पॉवर पुरते.

अँटेना धरून सेट उचलायची सवय आमच्यातल्या एकाला आहे, सांगून सांगून थकलो. एकदा अँटेना निघाली तरी तो तसाच बोलायला निघाला होता, मीच हातातून सेट काढून घेतला. अँटेना नसताना बटण दाबलं की पॉवर बाहेर न जाता उलटी आत येते आणि ट्रान्समीटरचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. पेट्रोल किंवा गॅसच्या वासाच्या जागी तर साधा सेट नेऊच नका, बॅटरी बदलणं तर दूरच, तिथे त्यासाठी खास प्रमाणित सेट लागतात.

एकच बारीक तक्रार, बेल्ट क्लिपचा स्क्रू दर दोन-तीन आठवड्यांनी ढिला होतो, आता छोटा स्क्रूड्रायव्हर चार्जरशेजारीच ठेवलाय.